हिरड्यांचा आजार आणि बोनमॅरोमधल्या स्टेम सेल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खुर्चीवर बसलेल्या पेशंटला मी कधी म्हटलं की तुमच्या हिरड्यांची खबर पार हाडातल्या मगजापर्यंत पोचलेली असू शकते, तर समोरचा माणूस असा बघतो की आता हा जास्तीचं बिल लावणार. त्यांची चूक नाही, दातांचा डॉक्टर रक्ताच्या गोष्टी करायला लागला की कुणालाही शंका येणारच. म्हणून नेहमी येणारे प्रश्न एकदाच लिहून ठेवतोय. बोलतो तसंच लिहिलंय, सांभाळून घ्या.

ब्रश करताना रक्त येतं, म्हणजे मला हिरड्यांचा आजार आहे का?

बहुतेक वेळा हो, पण कुठल्या पायरीचा ते बघावं लागतं. पहिली पायरी जिंजिव्हायटिस, म्हणजे हिरडी सुजलेली, लाल, जरा धक्का लागला की रक्त, पण आतलं हाड शाबूत. ही पायरी पूर्ण मागे फिरते. १९६५ साली हॅराल्ड लोए या दंतसंशोधकाने डेन्मार्कमध्ये १२ निरोगी लोकांना चक्क दात घासणं बंद करायला लावलं होतं, दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या आणि परत साफसफाई सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत बऱ्या झाल्या. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात दोष प्लाकचा, म्हणजे दातांवर साठणाऱ्या जंतूंच्या थराचा, आहे हे कुठलंही भारी मशीन न वापरता कळलं.

दुसरी पायरी पेरिओडॉन्टायटिस, लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो. यात हिरडी दातापासून सुटते, मध्ये खाच तयार होते, तिला आम्ही पॉकेट म्हणतो, आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. १ ते ३ मिलीमीटर खोली नॉर्मल, ४ किंवा त्याच्या पुढे गेली की लक्ष द्यायचं. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात १ अब्जाहून जास्त लोकांना हिरड्यांचा गंभीर आजार आहे, म्हणजे तुम्ही एकटे नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या, सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं. आजार आतल्या आत चालू राहतो आणि माणूस समजतो माझं तर एकदम चांगलंय.

बोनमॅरोमधल्या स्टेम सेल्स म्हणजे नक्की कोण?

हाडाच्या पोकळीत जो मऊ मगज असतो, अस्थिमज्जा, तिथे रक्त बनतं. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळ्यांचे मूळपुरुष म्हणजे या स्टेम सेल्स. त्या संख्येने थोड्या असतात, एका अभ्यासात मोठ्या माणसात रक्त बनवण्याच्या कामाला लागलेल्या स्टेम सेल्सचा अंदाज ५० हजार ते २ लाख असा आला होता. आणि त्यांच्याकडून काढलेलं काम बघा, रोज साधारण २०० अब्ज लाल पेशी आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी १०० अब्जांच्या आसपास. अर्थात प्रत्येक पेशी स्टेम सेल स्वतः बनवत नाही, ती खालच्या फळीतल्या पेशी तयार करते, त्या अजून खालच्या, असं वाढत वाढत जातं. खरी मूळ स्टेम सेल बराच वेळ चक्क झोपलेली असते, आणि ती झोपलेली असणंच तिच्या तब्येतीला चांगलं.

न्यूट्रोफिल रक्तात आला की त्याचं आयुष्य काही तासांचं, फार तर काही दिवसांचं. लाल पेशी १२० दिवस जगते. स्टेम सेल मात्र वर्षानुवर्षं टिकते. हा फरक डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

तोंड कुठे आणि मांडीचं हाड कुठे, तिथपर्यंत खबर जाते कशी?

रक्तातून. पॉकेटची आतली भिंत म्हणजे सोललेली जखम असते, फक्त ती आपल्याला दिसत नाही. ज्यांना आजार तोंडभर आहे त्यांच्या अशा सगळ्या जखमा सपाट करून शेजारी शेजारी मांडल्या तर ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरतील असा एक हिशोब आहे. एवढी जखम हातावर असती तर माणूस त्याच दिवशी डॉक्टरकडे पळाला असता. तोंडात आहे म्हणून दहा वर्षं चालवून घेतो.

या जखमेतून दोन प्रकारची गोष्ट रक्तात जाते. एक, जंतू आणि त्यांचे तुकडे, चावताना आणि घासतानासुद्धा थोडे थोडे सुटत असतात, बहुतेक लगेच मारले जातात. दुसरी गोष्ट म्हणजे सूज आणणारे निरोप, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ वगैरे. हे निरोप यकृताला मिळाले की रक्तात सीआरपी, म्हणजे सूज असल्याची खूण, वाढतो, आणि बोनमॅरोला मिळाले की तो समजतो कुठेतरी लढाई चालू आहे, न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट (हाही पांढऱ्या पेशींचाच प्रकार) जास्त पाठवा. स्टेम सेल्सवर या निरोपांचे रिसेप्टर, म्हणजे निरोप ऐकणारे कान, असतातच, म्हणजे मधे कुणी निरोप्या लागत नाही, त्यांना थेट ऐकू येतं.

ताप, न्यूमोनिया, मोठं इन्फेक्शन यात हेच होतं आणि ते व्हायलाच पाहिजे, नाहीतर आपण जगलो नसतो. फरक एवढाच की न्यूमोनिया आठवड्या-दोन आठवड्यांत संपतो आणि हिरड्यांची लढाई संपतच नाही, आग लहान असते पण विझत नाही, आणि बोनमॅरो बिचारा वर्षानुवर्षं इमर्जन्सी मोडवर.

सगळे जंतूच वाईट का मग?

नाही हो. तोंडात शेकडो जातींचे जंतू असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. गंमत म्हणजे सगळ्यात बदनाम असलेला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा संख्येने अगदी किरकोळ असतो. २०११ मध्ये उंदरांवर दिसलं की तो अगदी थोडा असला तरी आपल्या बचाव यंत्रणेला गंडवून बाकीच्या शांत जंतूंना मोकळं रान देतो, म्हणजे भांडण लावून देऊन स्वतः कोपऱ्यात उभा राहणाऱ्यातला. म्हणून नुसतं एका जंतूला मारायचं औषध शोधून भागत नाही.

बोनमॅरो "लक्षात ठेवतो" असं ऐकलं, हाडाला कसली आलीय आठवण?

मलाही आधी हे जरा फिल्मीच वाटलं होतं. शाळेत आपण शिकलो की आठवण ठेवतात त्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी, म्हणजे गोवर एकदा झाला की परत होत नाही, ती आठवण. न्यूट्रोफिल, मोनोसाइट हे बिनडोक शिपाई, आले, लढले, मेले. २०११ मध्ये मिहाई नेटेआ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी "ट्रेन्ड इम्युनिटी" हा शब्द मांडला, म्हणजे या बिनडोक समजल्या गेलेल्या पेशीसुद्धा एका अनुभवानंतर पुढच्या वेळी जास्त जोरात वागतात. बीसीजीची लस टीबीसाठी असते पण तिच्यामुळे इतरही काही इन्फेक्शनना उत्तर बदलतं, ते याच खात्यातलं.

पण मग प्रश्न येतो की न्यूट्रोफिल जर दोन दिवसात मरतो तर महिनोन्महिने टिकणारी आठवण तो ठेवतो कुठे? तो ठेवतच नाही, त्याची आजी ठेवते. २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की बीसीजी किंवा बुरशीच्या भिंतीतला बीटा-ग्लुकन दिला की बदल थेट बोनमॅरोमधल्या स्टेम सेल्स आणि त्यांच्या लगेच खालच्या पेशींमध्ये होतो, मग त्यांच्यापासून जन्माला येणारी प्रत्येक नवी पेशी तोच स्वभाव घेऊन येते.

जीन बदलत नाहीत यात, हे नीट समजून घ्या. डीएनए तोच. स्वयंपाकघरात रोज लागणारे डबे आपण हाताशी ठेवतो आणि क्वचित लागणारे वरच्या फळीवर, तसंच डीएनएचे काही भाग मोकळे ठेवलेले असतात आणि काही घट्ट गुंडाळून ठेवलेले. सतत सूज राहिली तर सूज वाढवणाऱ्या जीनचे डबे खाली हाताशी येऊन बसतात, आणि लढाई संपली तरी ते परत वर ठेवायला कुणी जात नाही. याला एपिजेनेटिक बदल म्हणतात.

लसीने हे झालं तर फायदा. हिरड्यांच्या आजाराने झालं तर तोटा. यंत्रणा तीच, अनुभव वेगळा.

हे हिरड्यांच्या बाबतीत कुणी दाखवलं? नीट सांगा.

हा माझा आवडता भाग आहे त्यामुळे जरा लांबेल.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डेंटल स्कूलमधले जॉर्ज हाजिशेंगालिस आणि जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे ट्रायंटाफिलोस चावाकिस यांच्या टीमने २०२२ मध्ये सेल या जर्नलमध्ये हे काम छापलं. उंदराच्या दाढेभोवती रेशमी दोरा बांधायचा, बस. दोऱ्यावर जंतू साठतात, हिरडी सुजते, काही दिवसांत हाड झिजायला लागतं, म्हणजे हुबेहूब नाही पण आपल्या पायोरियासारखंच. मग त्यांनी त्या उंदरांचा बोनमॅरो बघितला तर तिथे न्यूट्रोफिल-मोनोसाइटच्या बाजूला झुकलेल्या पेशी वाढलेल्या होत्या, आणि त्यांच्यात वर सांगितलेले एपिजेनेटिक बदल दिसले.

इथपर्यंत कुणी म्हणेल, असेल, सूज चालू आहे म्हणून वाढल्या असतील. म्हणून त्यांनी पुढचा डाव टाकला. हिरडी खराब असलेल्या उंदरांचा बोनमॅरो काढून निरोगी उंदरांना दिला, ज्यांच्या दाताला कधी दोरा बांधला नव्हता. म्हणजे फक्त मगज गेला, दात गेले नाहीत, जंतू गेले नाहीत, हिरडी गेली नाही. आणि या नव्या उंदरांमध्ये नंतर संधिवात उठवला तर तो, निरोगी उंदराचा बोनमॅरो मिळालेल्यांपेक्षा जास्त जोराचा आला! सांध्यांचा आजार, आणि त्याचं बी दुसऱ्याच उंदराच्या तोंडात पेरलं गेलेलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत मागे जाऊन वाचलं, की मला बरोबर समजलंय ना.

मग यामागचा निरोप कुठला ते त्यांनी शोधलं, तर तो इंटरल्युकिन-१. स्टेम सेल्सना हा निरोप ऐकूच येणार नाही अशी सोय केली की हे वाईट ट्रेनिंग होत नव्हतं. हे त्याआधीच्या कामाशी पण जुळतं, २०१६ मध्ये उंदरांवरच दिसलं होतं की इंटरल्युकिन-१ थोडा वेळ दिला तर स्टेम सेल पटापट शिपाई बनवते आणि परत शांत होते, पण तोच निरोप आठवडेच्या आठवडे चालू राहिला तर तिची स्वतःला टिकवून ठेवण्याची ताकद कमी व्हायला लागते. निरोप थांबवल्यावर त्या बऱ्याच अंशी सावरल्या, हेही तिथेच दिसलं.

याच्या उलटं पण होतं का, म्हणजे संधिवातामुळे हिरड्या बिघडणं?

हो, त्याच प्रयोगात. संधिवात असलेल्या उंदरांचा बोनमॅरो दिला तर घेणाऱ्याच्या हिरड्यांचा आजार जास्त वाढला. दोन्हीकडून रस्ता आहे. संधिवात आणि पायोरिया एकाच माणसात बऱ्याचदा का सापडतात याचं हे एक उत्तर असू शकतं, एकमेव नाही, सिगारेट दोघांनाही कारण आहे.

उंदरांचं ठीक आहे हो, माणसांचं काय?

रास्त प्रश्न, आणि इथे मी जरा हात आखडता घेतो. माणसाच्या दाताला दोरा बांधून मगज दुसऱ्याला देता येत नाही, त्यामुळे माणसांतला पुरावा आडवळणाने येतो.

पेरिओडॉन्टायटिस असलेल्यांच्या रक्तात सरासरी पांढऱ्या पेशी आणि सीआरपी जरा वर असतात, हे खूप वेळा दिसलंय. त्यांचे न्यूट्रोफिल बाहेर काढून डिवचले तर जास्तच भडकतात, हेही दिसलंय. आणि २०१९ मध्ये पेट स्कॅनवरचा एक अभ्यास आला. पेट स्कॅनमध्ये साखरेसारखा एक पदार्थ देतात आणि जिथे पेशी जास्त खटपट करतायत तिथे तो जास्त जमतो. तर ज्यांच्या हिरड्या जास्त पेटलेल्या दिसल्या त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीही जास्त पेटलेल्या होत्या, आणि मधला दुवा म्हणून बोनमॅरोमधली खटपट वाढलेली होती. म्हणजे हिरडी, मगज, धमनी अशी साखळी. साखळी दिसली म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, वय, वजन, सिगारेट, साखर यांची भेसळ कितीही गाळली तरी थोडी उरतेच. पण उंदरांचं आणि हे शेजारी ठेवलं की दिशा एकच दिसते.

माझं वय साठीच्या पुढे आहे, मला यात काही वेगळं आहे का?

आहे, आणि हा भाग नवीन आहे. वय वाढतं तसं एखाद्या स्टेम सेलमध्ये चुकून एक म्युटेशन, म्हणजे डीएनएमध्येच बदल, होतं आणि तिची पिलावळ बाकीच्यांपेक्षा जरा जास्त वाढते. माणूस ठणठणीत, रिपोर्ट नॉर्मल, पण रक्तातल्या पेशींचा एक हिस्सा या एकाच आजीचा. याला क्लोनल हिमॅटोपोएसिस म्हणतात, सत्तरी ओलांडलेल्यांमध्ये १० टक्क्यांहून जास्त लोकांत सापडतं. सगळ्यात जास्त वेळा ज्या जीनमध्ये हे होतं त्याचं नाव डीएनएमटी३ए, आणि योगायोग बघा, वर सांगितलेले डबे कुठे ठेवायचे ते ठरवणाऱ्यांपैकीच हा एक जीन.

२०२४ मध्ये याच पेनसिल्व्हेनियाच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी जवळपास ५ हजार लोकांची माहिती बघितली तर ज्यांच्यात डीएनएमटी३एचं म्युटेशन होतं त्यांच्यात हिरड्यांचा आजार जास्त होता. मग उंदरांमध्ये तसं म्युटेशन असलेल्या थोड्या स्टेम सेल्स घातल्या तर त्यांच्या दातांजवळचं हाड दोरा न बांधताच झिजायला लागलं. रॅपामायसिन नावाचं औषध, जे किडनी ट्रान्सप्लांटवाल्यांना देतात, ते या उंदरांना दिल्यावर हे बऱ्यापैकी आटोक्यात आलं. म्हणून लगेच कुणी हिरड्यांसाठी रॅपामायसिन मागू नका, ते बचाव यंत्रणा दाबणारं औषध आहे.

म्हणजे पायोरियाने ब्लड कॅन्सर होतो?

नाही, असं म्हणता येत नाही आणि कुणी म्हणत असेल तर त्याच्यापासून लांब रहा. क्लोनल हिमॅटोपोएसिस असलेल्यांपैकीही वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का लोकच रक्ताच्या कॅन्सरकडे सरकतात, बाकीचे आयुष्यभर तसेच राहतात. हिरड्यांची सूज स्टेम सेलचं वागणं बदलते हे एक वाक्य, आणि कॅन्सर करते हे पूर्ण वेगळं वाक्य.

पण हिरड्या सुजल्या तर रक्ताचा आजार असू शकतो ना?

ही उलटी बाजू आहे आणि ती खरी आहे, कमी वेळा पण खरी. अॅक्यूट ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरच्या काही प्रकारांत, खास करून मोनोसाइटवाल्या, रोगी पेशी हिरडीत घुसतात आणि हिरड्या दातांवर चढल्यासारख्या फुगतात. साफसफाई चांगली आहे, तरी काही आठवड्यांत हिरड्या फुगल्या, रक्त आपोआप यायला लागलं, सोबत ताप, थकवा, अंगावर निळे डाग, तर स्केलिंगच्या, म्हणजे दातांच्या सफाईच्या, आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा. मी असं रक्त करायला सांगितलं की लोक वैतागतात, पण एकदा एका पेशंटचं निदान याच कागदावर झालेलं मी बघितलंय, तेव्हापासून वैतागले तर वैतागले.

लहान मुलाचे दात लवकर हलायला लागले तरी रक्ताकडे बघायचं. सायक्लिक न्यूट्रोपेनियामध्ये साधारण दर २१ दिवसांनी न्यूट्रोफिल खाली जातात आणि तोंड येतं. आणि एक अजब आजार आहे, ल्युकोसाइट अॅडहेजन डेफिशियन्सी, त्यात न्यूट्रोफिल रक्तात भरपूर असतात पण रक्तवाहिनीतून बाहेर हिरडीत उतरताच येत नाही, आणि तरीही हाड झपाट्याने जातं. आधी वाटायचं पहारेकरी नाही म्हणून जंतू माजले, मग कळलं की न्यूट्रोफिल पोचला नाही की "पुरे आता" हा निरोपच जात नाही आणि सूज वाढवणारं इंटरल्युकिन-१७ वाढत राहतं. म्हणजे न्यूट्रोफिल जास्त झाले तरी घोळ, न पोचले तरी घोळ.

माझं हिमोग्लोबिन कमी आहे, हिरड्यांमुळे असेल का?

थोडा हात असू शकतो. सूज लांबली की इंटरल्युकिन-६ मुळे हेप्सिडिन वाढतं, ते लोह गोदामात अडकवून ठेवतं, लाल पेशी बनवायला लोह मिळत नाही. पण हिरड्यांमुळे होणारी घट किरकोळ असते. हिमोग्लोबिन ८ असेल आणि तुम्ही हिरड्यांना दोष देत बसलात तर खरं कारण निसटेल.

बोनमॅरोवर परिणाम झालाय हे कुठल्या टेस्टमध्ये कळेल?

साध्या कुठल्याच नाही. सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशी नॉर्मलच्या आत पण वरच्या बाजूला असतील, हायसेन्सिटिव्ह सीआरपी जरा जास्त असेल, आणि दोन्हीला शंभर कारणं असतात. एपिजेनेटिक बदल बघणं हे लॅबमधलं संशोधनाचं काम आहे, पेशंटसाठी नाही. यासाठी कुणी बोनमॅरो काढायला सांगितला तर सरळ उठून या. ज्याची टेस्ट आहे ती हिरडी आहे, प्रोब, म्हणजे खुणा असलेली बारीक सळई, घालून पॉकेट मोजायचं आणि एक्सरेवर हाड बघायचं, दहा मिनिटांचं काम.

ट्रीटमेंट केली की मगज पूर्वीसारखा होतो का?

निरोप बंद होतात हे नक्की. स्केलिंग आणि रूट प्लेनिंग म्हणजे हिरडीच्या खालून मुळावरचं कीटण काढणं, त्याने सीआरपी खाली येतो, डायबेटिस असणाऱ्यांचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतं. २००७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये १२० पेशंटचा अभ्यास आला होता, एकाच वेळी कसून ट्रीटमेंट केली तर पहिल्या २४ तासांत रक्तवाहिन्यांचं काम उलट बिघडलं, कारण खरवडल्यावर जंतू रक्तात गेले, पण ६ महिन्यांनी ते आधीपेक्षा चांगलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी कसकस वाटली तर घाबरू नका.

राहिला स्टेम सेल्समध्ये आधीच बसलेल्या आठवणीचा प्रश्न. उंदरांमध्ये ती बोनमॅरोबरोबर दुसऱ्या शरीरात गेली, म्हणजे सूज थांबल्यावरही काही काळ टिकते हे उघड आहे. म्हणूनच मी म्हणतो, लवकर या. पॉकेट ४ मिलीमीटरचं असताना आलात तर दात पण वाचतो आणि मगजाला शिकवणी पण कमी मिळते, ८ झाल्यावर आलात तर मी दोन्हीसाठी धडपडतोय.

इंटरल्युकिन-१ बंद करायचं औषध आहे ना, तेच द्या.

आहे. अनाकिन्रा, कॅनाकिन्युमॅब अशी नावं आहेत, दुसऱ्या आजारांसाठी वापरतात. २०१७ मध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १० हजारांहून जास्त लोकांवर कॅनाकिन्युमॅबची ट्रायल झाली, हृदयाचे त्रास थोडे कमी झाले, पण जीवघेणी इन्फेक्शन वाढली. निरोप पूर्ण कापला तर खरी लढाई आली तेव्हा शिपाई उशिरा निघतात. ज्या सुजेचं कारण हाताने खरवडून काढता येतं तिच्यासाठी असलं औषध घेणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

मग सगळे दातच काढून टाकले तर?

हे माणसाने करून बघितलंय! १९०० साली विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने तोंडातली घाण अनेक आजारांचं मूळ आहे असं लिहिलं, आणि पुढची तीन-चार दशकं लोकांचे चांगले दातसुद्धा संधिवात, पोट, अगदी मानसिक आजार बरे व्हावेत म्हणून उपटले गेले. बहुतेकांचे आजार काही बरे झाले नाहीत, दात मात्र गेले. त्याचा परिणाम असा झाला की नंतर दात आणि शरीर यांचा संबंध आहे म्हटलं तरी डॉक्टर हसायचे. आत्ताचं काम त्यापेक्षा वेगळं आहे कारण इथे यंत्रणा पायरीपायरीने तपासलीय, पण तो इतिहास माहीत असला की माणूस जरा जपून बोलतो.

माउथवॉशने किंवा अँटिबायोटिकने काम होईल का?

माउथवॉश पॉकेटच्या तळाशी पोचत नाही. अँटिबायोटिक प्लाकच्या चिकट थरात नीट शिरत नाही, काही ठराविक केसमध्ये क्लीनिंगच्या जोडीला देतो, एकटं नाही.

क्लीनिंग केल्यावर दात हलायला लागतात असं सगळे म्हणतात.

दात आधीच हललेला असतो, कीटणाने तो शेजारच्याला चिकटवून ठेवलेला असतो. कीटण निघालं, खरं दिसलं. शिवाय सूज उतरली की हिरडी खाली बसते आणि फटी दिसतात, त्यामुळे लोकांना वाटतं डॉक्टरने फटी पाडल्या. दिवसातून एकदा या प्रश्नाचं उत्तर देतो.

बोनमॅरो ट्रान्सप्लांटचं ठरलंय, तोंडाचं काय करायचं?

आधी दाखवून घ्या, शक्य तितकं आधी. ट्रान्सप्लांटच्या वेळी पांढऱ्या पेशी जवळपास शून्यावर जातात आणि त्या दिवसांत पॉकेटमधला पू म्हणजे रक्तात थेट दरवाजा. जो दात वाचणार नाही तो, जखम भरायला वेळ ठेवून, आधीच काढतात, बाकीचे साफ करतात, आणि कधी काय करायचं हे तुमच्या रक्ताच्या डॉक्टरशी बोलून ठरतं, मी एकट्याने ठरवत नाही.

देणाऱ्याच्या हिरड्यांचं काय, हा प्रश्न २०२२ च्या त्या कामानंतर संशोधकांनी स्वतःच काढला, कारण उंदरांमध्ये मगजाबरोबर आठवण पण गेली. पण माणसांमध्ये डोनर निवडताना आधी एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, जुळतंय का हेच बघतात आणि जुळणारा डोनर मिळणं हीच मोठी गोष्ट असते. तुम्ही डोनर असाल आणि हिरड्यांतून रक्त येत असेल तर त्यावरून माघार घेऊ नका, येऊन साफ करून घ्या.

ट्रीटमेंट झाली, आता परत कधी यायचं?

६ ते १२ आठवड्यांनी पॉकेट परत मोजायला, आणि नंतर बहुतेकांना दर ३ ते ४ महिन्यांनी. घरी रोज दोनदा ब्रश, आणि दातांच्या मधे रोज एकदा, फट असेल तर छोटा इंटरडेंटल ब्रश, नसेल तर फ्लॉस. पहिले काही दिवस तिथून रक्त येईल, रक्त आलं म्हणून ती जागा सोडू नका, तिथेच घासायचंय. आठवडा-दोन आठवडे नीट घासूनही एखाद्याच जागी रक्त येतच राहिलं तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता फोन करा.